खोडलेली शून्ये

परंडा

चि. बाळास,

पीककापणीच्या तक्त्यातून सीनाकाठच्या दोन शेतांची शून्ये तू विसंगत ठरवून परस्पर खोडलीस, अशी वार्ता परवा एका जुन्या कारकुनाकडून कानी आली, आणि तेव्हापासून माझे कशात लक्ष लागत नाही. ही गोष्ट खरी आहे काय, तेवढे आधी कळव.

समज, कापणीच्या दहा प्रयोगांपैकी नऊ ठिकाणी पाच-पाच किलो सोयाबीन भरले आणि दहाव्या ठिकाणी दशांशचिन्ह निसटून पन्नास लिहिले गेले, तर सरासरी साडेनऊवर चढते, पीकविम्याचे उंबरठा उत्पन्न कागदोपत्री ओलांडले जाते आणि साऱ्या महसूल मंडळाची भरपाई बुडते. मध्यक मात्र पाचावरून तसूभरही हलत नाही. अशा वेळी मूळ नोंदवही काढून वजन पडताळावे, आणि ते शक्य नसल्यास मध्यक घ्यावा, किंवा संख्याशास्त्रज्ञ ह्यूबर यांनी १९६४ साली दाखविल्याप्रमाणे दूरच्या आकड्याची ओढ एका मर्यादेपलीकडे वाढू देऊ नये. परंतु पुराने जिथे पीक खरोखरच वाहून गेले, तिथले शून्य पंचनाम्याइतकेच खरे. आठ ठिकाणी पाच आणि दोन ठिकाणी शून्य असता सरासरी चार येते, मध्यक पाचच राहतो. म्हणजे तू काही न खोडता नुसता मध्यक घेतला असतास, तरी त्या दोन शेतांचे नुकसान हिशेबातून नाहीसेच झाले असते! सर्वसाधारण शेत कसे आहे हा प्रश्न असेल तिथे मध्यक शोभतो. मंडळात एकंदर किती पिकले हे विचारले असता सरासरीवाचून गत्यंतर नाही. मग ती शून्ये कोणत्या अधिकारात खोडलीस?

कापणीचा चौकोन फार लहान घेतला की कडेची रोपे आत येऊन उत्पन्न फुगते, हे आपल्या पां. वा. सुखात्मे यांनी दाखविले होते. सगळेच आकडे असे एका बाजूस झुकले तर मध्यकाचाही इलाज चालत नाही. पानसे-सुखात्मे यांचे १९५४ चे पुस्तक माझ्या पेटीत आहे. पुण्यास जाऊन संख्याशास्त्र शिकावे अशी फार उमेद होती. थोरल्या दादांच्या आजारपणात ते राहून गेले ते राहूनच गेले, आणि म्हणूनच तुझ्या आकड्यांत माझा जीव इतका अडकतो.

रागाच्या भरात फार लिहिले, मनावर घेऊ नकोस. शून्ये खोडली असशील तर पुन्हा मांड. साहेबांपुढे जाण्याचा संकोच वाटत असेल तर सकाळच्या एस.टी.ने मी येतो, बाहेर बाकावर बसून राहीन. वहिनींनी शेंगदाण्याची चटणी पाठविली आहे. खोकला गेला का, तेही लिही. त्या रोज विचारतात.

तुझा,
काका