अनुकृतीतून निसर्गचित्रणाचा अभ्यास

श्रेष्ठ चित्राची नक्कल केल्याने नवशिक्याची स्वतंत्र दृष्टी मरते, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. परंतु नक्कल करताना डोळा काय शोधतो, यावर तिचे फळ अवलंबून असते.

‘एदोची शंभर प्रसिद्ध दृश्ये’ या हिरोशिगेच्या मालिकेत १८५७ सालचे एक पावसाचे चित्र आहे. एदो म्हणजे आजचे टोकियो. अचानक आलेल्या सरीत माणसे अंग चोरून लाकडी पूल ओलांडीत आहेत. खाली नदीत एकटा नावाडी ओंडक्यांचा तराफा पुढे रेटीत आहे. पैलतीर करड्या छटेत बुडाला आहे. अशा मुद्राचित्रात सामान्यतः प्रत्येक रंगासाठी निराळा लाकडी ठसा कोरावा लागे. साहजिकच रंग मोजके राहत आणि अनावश्यक तपशील गळून पडत. येथे पाऊस म्हणजे केवळ बारीक, तिरप्या रेषा होत.

१८८७ मध्ये पॅरिसमध्ये असताना व्हिन्सेंट व्हॅन गॉगने हे चित्र तैलरंगात पुन्हा रंगविले. याच मालिकेतील फुललेल्या बागेच्या चित्राचीही त्याने अनुकृती केली. तिच्यासाठी चौकोन आखून केलेले रेखाटन आजही उपलब्ध आहे. मांडणी त्याने मुळाबरहुकूम ठेवली. रंग मात्र अधिक प्रखर केले आणि कुंचल्याचे फटकारे उघड दिसू दिले. पुढच्याच वर्षी दक्षिण फ्रान्समधील आर्ल येथे त्याने बोरूने शेते रेखाटली. ठिपके आणि तुटक रेषा यांतूनच तेथे गवत, माती आणि अंतर साकार झाले.

हा अभ्यास कोणालाही करता येईल. प्रथम चौकोन आखून मुख्य आकार उतरवावेत. नंतर गडद, मध्यम आणि फिकी अशा तीनच छटांत चित्र रंगवावे. शेवटी मूळ चित्र मिटून ठेवावे आणि आपल्या परिसरात जावे.

छत्तीसगडमधील भिलाईचेच उदाहरण घ्या. तेथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली. शेजारच्या दुर्गजवळून शिवनाथ नदी वाहते. पावसाळ्यात धुराडी करडी होतात, नळ्या आणि जिने दिसेनासे होतात, उरतात ते काही उभे आकार. विद्यार्थ्याने शिवनाथेवर एदोचा पूल आणून बसविला, तर आक्षेप खरा ठरला. समोरच्या दृश्यातले काय गाळावे हे त्याला स्वतः ठरविता आले, तर अनुकृतीचे काम संपले.