वजन उतरवताना ताट आणि पाय, दोन्ही सांभाळा

वजन कमी करायचे ठरले, की पुष्कळ भगिनी पहिल्याच दिवशी रात्रीचे जेवण सोडतात. चार दिवसांत चक्कर येते, मग दुप्पट खाल्ले जाते. उपासमारीत चरबीबरोबर स्नायूही झिजतात. नुसते चालूनही भागत नाही. अर्धा तास चालून साधारण १२५ ते १५० उष्मांक खर्च होतात. एका वडापावात त्याच्या जवळपास दुप्पट असतात.

म्हणून दोन्ही थोडे थोडे धरा. रोजच्या भातातला चौथा हिस्सा कमी करा, त्या जागी पालेभाजी, कुळथाचे पिठले घ्या. बांगडा तळण्याऐवजी कालवण करा. एका छोट्या चमचाभर तेलात ४५ उष्मांक असतात. पहिल्या आठवड्यात दाभोळ जेटीच्या रस्त्याने रोज १० मिनिटे चाला, मग हळूहळू ३० मिनिटांवर न्या. चालताना बोलता यावे, गाता येऊ नये, इतका वेग पुरे. आठवड्याला अर्धा किलो उतरले तरी छान.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवण टाळू नये. साखर एकदम उतरून जिवावर बेतू शकते. त्यांनी आणि हृदयरोग्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. गरोदर भगिनींनी वजन उतरवायला जाऊच नये.