घरबांधणीचा वाढता खर्च आणि न्हाणीचे सरपण

अन्नवस्त्राचा खर्च रोजच्या रोज विभागला जातो. घराचा खर्च मात्र बहुधा आयुष्यात एकदाच आणि एकदम अंगावर येतो. त्यामुळे महागाईची झळ घर बांधणाऱ्यास अधिक लागते. प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेखाली सपाटीच्या प्रदेशातील कुटुंबास मिळणारे साहाय्य २०१६ साली १ लाख २० हजार रुपये ठरले. २०२४ मध्ये योजनेस मुदतवाढ मिळाली, तेव्हाही रक्कम तीच राहिली. चिरे, लोखंड, रेती व मजुरी यांचे दर मात्र थांबून राहिले नाहीत. ठरलेल्या पैशांत घर पुरे करावयाचे, तर पाया खणण्यापूर्वीच सर्व हिशेब मांडावयास हवा. या हिशेबात एक बाब बहुधा राहून जाते, ती म्हणजे घर उभे राहिल्यानंतर रोज लागणारे इंधन.

प्रथम भिंतींचा विचार करू. गोवा, कोकण आणि बेळगावचा पश्चिम भाग हा जांभ्या दगडाचा प्रदेश होय. हा दगड खाणीत असताना मऊ असतो आणि हवा लागली की टणक होत जातो. म्हणून नुकताच काढलेला चिरा तसाच भिंतीत न घालता काही काळ उघड्यावर वाळू द्यावा. चिरे निवडताना फार सच्छिद्र व मातीचे कप्पे असलेले नग बाजूस काढावेत. असा चिरा जोत्यात बसला तर ओल वर चढते. चांगल्या चिऱ्याच्या भिंतीस बाहेरून गिलाव्याची गरज नसते. सांधे नीट भरले म्हणजे पुरे. शेजाऱ्याने गिलावा केला म्हणून आपणही करावा, ही हौस महागात पडते.

जेथे चिरा दूर आणि वीट जवळ, उदाहरणार्थ खानापूरच्या बाजूस, तेथे विटा उभ्या कडेवर ठेवून मध्ये पोकळी राखण्याची बांधणी करता येते. इंग्लंडात जन्मलेले व केरळात दीर्घकाळ काम केलेले वास्तुविशारद लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी ती आपल्याकडे रूढ केली. नऊ इंची भिंतीत या पद्धतीने सुमारे चौथा हिस्सा विटा वाचतात, चुना-सिमेंटही कमी लागते, आणि पोकळीतील हवेमुळे उन्हाची धग आत उशिरा पोहोचते. मात्र विटा सारख्या मापाच्या हव्यात आणि गवंड्याला ही बांधणी ठाऊक हवी. नवख्या हाताने केलेली बचत पुढे दुरुस्तीत जाते.

सिमेंटविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. सिमेंटवरील सरकारी नियंत्रण १९८२ मध्ये अंशतः व १९८९ मध्ये पूर्णपणे उठले. परवान्याचे दिवस संपले; पण मिळाले की भरून ठेवावे, ही त्या काळची सवय अद्याप गेलेली नाही. भाव चढतील या धास्तीने पन्नास-साठ पोती पडवीत रचून ठेवणारे घरमालक आजही आढळतात. सिमेंट हवेतील दमट शोषते. तीन महिन्यांत त्याची सुमारे पाचव्या हिश्शाइतकी शक्ती कमी होऊ शकते, आणि किनाऱ्यावरील पावसाळ्यात तर पोत्यात खडेच होतात. आगाऊ घ्यावयाचे असतील तर चिरे, खडी व लाकूड घ्यावे. सिमेंट कामापुरतेच आणावे, तेही जमिनीपासून उंच फळ्यांवर ठेवावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. बिल घेताना तो दर पाहून घ्यावा. समुद्रकाठची खारी वाळू फुकट मिळाली तरी स्लॅबमध्ये घालू नये, कारण मिठाने आतील सळया गंजतात. स्लॅबवर किमान दहा दिवस पाणी राखण्यास खर्च लागत नाही, आणि नेमकी तीच गोष्ट टाळली जाते.

छपराच्या बाबतीत मंगळुरी कौले स्वस्त की स्लॅब, हा वाद जुना आहे. स्लॅबच घालावयाचा असेल, तर त्याच्या खालच्या थरात, जेथे काँक्रीटचे काम मुख्यतः सळया धरून ठेवण्याचे असते तेथे, कौलांच्या जोड्या बसवून काँक्रीट वाचविता येते. याचा आराखडा अभियंत्यानेच करावा. सळयांचे अंतर अंदाजाने ठरविण्याची ही जागा नव्हे.

आता उष्णतेकडे वळू. ग्वाल्हेरप्रमाणे खोली उबदार ठेवण्याचा प्रश्न आपल्याकडे नाही. आपल्याकडे तापवावयाचे असते ते पाणी. पाच माणसांच्या घरी न्हाणीस रोज शंभर लिटर ऊन पाणी लागते असे धरू. ते २५ अंशांनी तापविण्यास विजेचे सुमारे तीन युनिट, म्हणजे महिन्याकाठी ९० युनिट लागतात. तीन दगडांच्या उघड्या चुलीवर भाण ठेवले, तर दहापैकी नऊ भाग उष्णता वाऱ्यावर जाते आणि तेवढ्याच पाण्यास रोज साडेसहा किलोंच्या आसपास वाळले सरपण जळते. बाजूंनी बंद, जाळी व धुराडे असलेल्या चुलीत हे प्रमाण निम्म्यावर आणता येते. देशात सुधारित चुलींचा कार्यक्रम १९८३ साली सुरू झाला. पण पुष्कळ घरांत धुराड्यासाठी भिंतीत जागाच ठेवलेली नव्हती. तयार भिंत फोडण्यास कोण राजी होणार?

सूर्यचुंबाचीही, म्हणजे सूर्याच्या उष्णतेवर चालणाऱ्या पाण्याच्या बंबाचीही, गोष्ट अशीच आहे. शंभर लिटरांच्या बंबास दक्षिणेकडे तोंड असलेली, झाडांची सावली न पडणारी सुमारे दोन चौरस मीटर जागा पुरते. टाकी त्याहून उंच हवी आणि नळ न्हाणीपर्यंत जवळच्या वाटेने जावयास हवा. म्हणून न्हाणी घराच्या कोणत्या कोपऱ्यात घ्यावयाची, हे नकाशावरच ठरवावे. बंब पुढील वर्षी घ्यावयाचा असला तरी नळ भिंत बांधतानाच टाकून ठेवावा.

जून ते सप्टेंबर या महिन्यांत मात्र ऊन भरवशाचे नसते. त्या दिवसांसाठी न्हाणीच्या चुलीमागील भिंतीला लागून सरपणाची छोटी खोपी काढावी. चुलीच्या उबेने लाकूड कोरडे राहते. ओल्या लाकडाची बरीचशी उष्णता त्यातील पाणी उडविण्यातच खर्ची पडते.