हजार फोटोंतून वीस: नव्याने कॅमेरा घेतलेल्यांसाठी

ॲपर्चर, शटर, आयएसओ शिकवणारे पुष्कळ भेटतात. कार्ड भरून घरी आल्यावर त्या हजार फोटोंचं करायचं काय, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. मी वाघोलीत राहते. थंडीत केसनंद-थेऊरमार्गे कवडीपाटला पक्षी टिपायला जायचं आणि एरवी गावातलं वाघेश्वराचं मंदिर, नगर रस्त्यावरची वर्दळ, घरचे समारंभ, एवढा माझा पसारा. या पसाऱ्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे: फोटोग्राफी अर्धी बाहेर शिकता येते आणि अर्धी रात्री लॅपटॉपसमोर, छाटणी करताना.

1. आधी दोन प्रती, मग बाकी सगळं. कार्डातले फोटो लॅपटॉपवर घ्यायचे, त्यांची दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवायची. दोन्हीकडचे फोटो उघडतात याची खात्री झाली की मगच कार्ड फॉरमॅट करायचं. फोल्डरला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि शेवटी जागा लिहा, म्हणजे सगळी फोल्डरं आपोआप तारखेने लागतात. ‘नवीन फोटो 2’ असल्या नावाच्या फोल्डरमध्ये काय आहे, ते सहा महिन्यांनी ठेवणाऱ्यालाही सांगता येत नाही.

2. कॅमेऱ्याच्या पडद्यावर डिलीट करू नका. तीन इंचांच्या पडद्यावर जवळजवळ प्रत्येक फोटो स्पष्ट दिसतो, आणि उन्हात चांगला फोटोही काळपट वाटतो. शिवाय मान खाली घालून बटणं दाबत बसलात की नेमका तेव्हाच सुरय पक्षी पाण्यात सूर मारतो.

3. पहिल्या फेरीत निवडायचं नाही, फक्त काढायचं. तांदूळ निवडताना आपण खडे काढतो, चांगले दाणे शोधत बसत नाही, इथेही तसंच. फोटो पूर्ण पडद्यावर उघडा आणि एकच प्रश्न विचारा: हा नक्की नको आहे का? हललेला, फोकस चुकलेला, अर्धा पक्षी चौकटीबाहेर गेलेला, कुणाचं तरी डोकं मध्ये आलेला असेल तर तो बाद. शंका आली तर राहू द्या आणि पुढे चला. लाइटरूम क्लासिक या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘एक्स’ दाबलं की फोटोवर बाद अशी खूण होते, ‘पी’ दाबलं की पसंत. कॅप्स लॉक चालू ठेवला तर खूण होताच पुढचा फोटो आपोआप येतो. हात सतत कीबोर्डवरच असल्यामुळे वेळ फार वाचतो. या फेरीत रंग, उजेड, क्रॉप कशालाही हात लावायचा नाही. एडिटिंग मध्ये शिरलं की छाटणी तिथेच थांबते.

4. एकसारख्या फोटोंत दोघांचीच झुंज लावा. खरी डोकेदुखी इथे असते. कवडीपाटला काळापांढरा खंड्या पाण्यावर एका जागी पंख फडफडवत तरंगतो. कॅमेरा सेकंदाला दहा फोटो काढत असेल तर पाच सेकंदांत पन्नास फोटो होतात. हे पन्नास एकदम पाहिले तर सगळेच आवडतात. म्हणून पहिले दोन शेजारी शेजारी लावायचे, त्यातला सरस ठेवायचा आणि त्याच्यासमोर तिसरा आणायचा. शेवटपर्यंत हेच.

सरस कोणता, हे ठरवण्याचा माझा क्रम ठरलेला आहे. आधी फोटो शंभर टक्के मोठा करून डोळा पाहायचा. खंड्याचा डोळा काळ्या पट्ट्यात असतो, त्यामुळे त्यात उजेडाचा ठिपका नसेल तर तो दिसतच नाही आणि पक्षी निर्जीव वाटतो. मग पंख: दोन्ही वर उचललेले किंवा पूर्ण पसरलेले चालतात, एका पंखाने तोंड झाकलेलं चालत नाही. मग चोचीची दिशा, ती पाण्याकडे रोखलेली हवी. पार्श्वभूमी सगळ्यांत शेवटी. पन्नासांतून एक उरतो, क्वचित दोन. हे करता करता पुढच्या खेपेला शटर कधी दाबायचं तेही कळायला लागतं.

कोडॅक्रोम फिल्मचं उत्पादन बंद झालं तेव्हा शेवटचा रोल छायाचित्रकार स्टीव्ह मॅककरींकडे आला. त्यात फोटो फक्त 36. त्यातले काही त्यांनी मुंबईत चित्रपट कलाकारांचे काढले. अशा रोलमध्ये छाटणी बटण दाबण्याआधीच होते. नव्याने शिकणाऱ्याने अधूनमधून एखाद्या सकाळी 36 ची मर्यादा घालून पाहावीच.

5. बाद केलेले लगेच पुसू नका. अमेरिकेत 1930 च्या दशकात सरकारी छायाचित्र विभागाचे प्रमुख रॉय स्ट्रायकर नापसंत निगेटिव्हना सरळ पंचने भोक पाडत. वॉकर इव्हान्स, डोरोथिया लँग यांच्यासारखे छायाचित्रकार या विभागासाठी काम करत होते. भोकं पडलेल्या त्या निगेटिव्ह आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत, आणि चेहऱ्याच्या मधोमध काळं वर्तुळ पाहिलं की जीव हळहळतो. म्हणून बाद फोटोंना महिनाभर थारा द्या. मग एकदा भरभर नजर टाकून कायमचे काढा. कायमचे काढणं मात्र टाळू नका. 24 मेगापिक्सेलचा एक रॉ फोटो साधारण 25 एमबीचा धरला तरी हजार फोटो म्हणजे 25 जीबी.

6. काही फोटो नियमाबाहेर ठेवा. अनोळखी पक्ष्याचा अस्पष्ट फोटोही त्याची ओळख पटवायला पुरतो. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदीचा पुरावा म्हणून असे फोटो चालतात. घरच्या कार्यक्रमात आजीचे डोळे मिटलेले असले तरी तो तिचा हसतानाचा एकमेव फोटो असेल, तर तंत्राला तिथे काही अधिकार नाही.

कवडीपाटचंही तेच. मुळा-मुठेतून पुण्याचं सांडपाणी, फेस, प्लास्टिक, जलपर्णी सगळं तिथवर वाहत येतं. चक्रवाकांच्या मागे पिशव्या अडकलेल्या दिसल्या की तो फोटो बाद करायचा मोह होतो. सुंदर फोटो वेगळे ठेवा, पण प्रत्येक हंगामात पिशव्यांसकटचे काही फोटो तारखेनिशी जपा. नदीची अवस्था सांगायला तेच उपयोगी पडतील. फक्त देखणे फोटो ठेवून आपण त्या नदीबद्दल खोटं सांगू, असं मला मनापासून वाटतं.

7. सॉफ्टवेअरवर सुरुवातीलाच पैसे घालू नका. डिजीकॅम मोफत आहे आणि त्यात पसंत-बादच्या खुणा, तारे, दोन फोटो शेजारी लावून पाहण्याची सोय, सगळं आहे. रॉ फोटो उघडायला वेळ लागत असेल तर फाइलच्या पोटात कॅमेऱ्यानेच ठेवलेला छोटा जेपीईजी दाखवण्याची सेटिंग शोधा. लग्नाचे आणि बातम्यांचे फोटोग्राफर ज्या ‘फोटो मेकॅनिक’वर विसंबतात, त्याच्या वेगाचं कारण हेच.

8. जुना ढीग आधी उपसायला घेऊ नका. दोन-तीन वर्षांचे फोटो समोर आले की पहिल्याच रात्री हात टेकले जातात. आज फक्त ताजं फोल्डर उघडा, खडे काढा, एकसारख्यांतून एकेक ठेवा, वीस फोटोंवर थांबा. त्यातले दोन-चार छापून घ्या आणि ज्यांचे आहेत त्यांना नेऊन द्या. जुन्याला पुढच्या रविवारपासून एकेक फोल्डर करून हात घाला.