शब्दांनी दाखविलेला खेळ

डोळ्यांनी पाहिलेला खेळ स्मरणात राहतो, यात नवल नाही. परंतु नुसता कानांनी ऐकलेला खेळही माणसे जन्मभर विसरत नाहीत. अमेरिकेतील फीनिक्स शहराच्या क्रीडाप्रेमींना हा अनुभव अल मॅकॉय यांनी दिला.

आयोवा राज्यात १९३३ साली जन्मलेले मॅकॉय १९७२ मध्ये ‘फीनिक्स सन्स’ या बास्केटबॉल संघाचे रेडिओ-समालोचक झाले. या खेळात चेंडू क्षणात मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला जातो. तो कोणाच्या हाती आहे, गुण किती झाले, हे सारे तेवढ्यातच सांगावयाचे! एखाद्या खेळाडूने दुरून चेंडू टाकून तीन गुण मिळविले, की ते ‘शझॅम!’ असा उद्गार काढीत. तो उद्गार पुढे लहानथोरांच्या तोंडी बसला.

१९७६ च्या अंतिम मालिकेतील पाचव्या सामन्यात तीनदा जादा वेळ द्यावा लागला. अखेर बोस्टनच्या संघाने सन्सवर १२८-१२६ असा निसटता विजय मिळविला. श्रोत्यांना विजयाइतकाच असा पराजयही आठवतो. कारण आपले दुःख जाणणारा एक आवाज त्या वेळी सोबतीला असतो.

एकावन्न हंगामांनंतर, २०२३ साली, नव्वदाव्या वर्षी मॅकॉय निवृत्त झाले. वडिलांजवळ बसून त्यांना ऐकणारी मुले एव्हाना आजोबा झाली होती. २०२४ मध्ये ते निवर्तले. त्यांनी मैदानात एकही चेंडू टाकला नाही. तरीही घरोघरी खेळ पोहोचविला तो त्यांनीच.