गहू बंद झाल्यावर : कोल्हापूरहून नव्याने परदेशी आलेल्या कुटुंबांसाठी

मुलाचं वजन वाढेना, पोट सारखं फुगलेलं, अंगात रक्त कमी. म्हणून इथल्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि ‘सीलिॲक’ हा शब्द घरात आला. किंवा पोळीचे दोन घास खाल्ल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले आणि ‘गव्हाची ॲलर्जी’ असं निदान झालं. या प्रसंगातून आपल्याकडची बरीच घरं गेली आहेत. कोल्हापूर, इचलकरंजी, कागल, गडहिंग्लजहून येऊन इंग्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात स्थिरावलेल्या कुटुंबांना जे कळत गेलं, ते इथे एकत्र केलं आहे. एका बाबतीत सगळ्यांचं एकमत आहे : पोळी सुटते आणि तिची सवयही मोडते. खरी झुंज न दिसणाऱ्या गव्हाशी असते, आणि तो बहुतेक वेळा मायेच्या माणसांच्या हातून ताटात येतो.

निदान पक्कं होईपर्यंत गहू सोडू नका

सीलिॲक आणि गव्हाची ॲलर्जी हे दोन वेगळे आजार आहेत. सीलिॲकमध्ये गहू, जव (बार्ली) आणि राय यांतल्या ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. तो जन्मभराचा आहे. ॲलर्जीत गव्हातल्या प्रथिनांमुळे काही मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत अंगावर पित्त उठतं, उलट्या होतात, कधी श्वास अडकतो. लहान मुलांची ही ॲलर्जी पुढे बऱ्याचदा जाते. म्हणून ‘आम्हाला नेमकं काय झालंय?’ हे डॉक्टरांकडून स्पष्ट करून घ्या. ॲलर्जी असलेल्याला बार्ली चालू शकते, सीलिॲक असलेल्याला कधीच नाही.

गावाकडून फोनवर हमखास सल्ला येतो : ‘महिनाभर गहू बंद करून बघा, फरक पडतो का ते.’ सीलिॲकची शंका असेल तर हा सल्ला घातक आहे. टीटीजी ही रक्ततपासणी आणि दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून केलेली तपासणी, दोन्ही माणूस गहू खात असतानाच खऱ्या ठरतात. इंग्लंडमध्ये तर तपासणीआधी निदान सहा आठवडे रोज, एकाहून जास्त जेवणांत, गव्हाचे पदार्थ खायला सांगतात. घाई करून गहू थांबवलेल्या घरांना नंतर तपासणीसाठी मुलाला पुन्हा गहू खायला घालावा लागला आणि त्या दिवसांत मुलाचे हाल झाले. ॲलर्जीची मात्र रीत उलटी आहे. एकदा जोराची रिॲक्शन आली असेल, तर तज्ज्ञ सांगेपर्यंत गव्हाला हात लावू नये.

भाकरी आणि गिरणी

आपण कोल्हापूरकडचे लोक या बाबतीत सुदैवी आहोत, हे मनापासून सांगतो. शाळू, नाचणी, आजऱ्याचा घनसाळ, वरी, राळे, राजगिरा हे सगळं आपल्या घरातलंच धान्य आहे आणि यांपैकी कशातच ग्लुटेन नाही. इथल्या दुकानातला ग्लुटेन-फ्री ब्रेड महाग असतो, त्यात बऱ्याचदा स्टार्च जास्त आणि चोथा कमी असतो. मुलाला त्याच्यावर वाढवण्यापेक्षा भाकरीवर वाढवा.

परदेशात मिळणारं ज्वारीचं पीठ जुनं असतं, त्याला चिकटा राहत नाही, थापताना भाकरी चिरते. त्यासाठी उकड काढा : पाणी खळखळून उकळू द्या, चिमूटभर मीठ टाका, गॅस बंद करून पीठ घाला, हलवून झाकण ठेवा. पाच-सात मिनिटांनी कोमट असतानाच परातीत मळायला घ्या. खाली लावायचं पीठ त्याच ज्वारीचं हवं. सवयीने कणकेच्या डब्यात हात जातो, तिथे सांभाळा. इंडक्शनच्या शेगडीवर जाळ नसतो, तर दुसरी बाजू तव्यावरच स्वच्छ फडक्याने दाबत भाजा. फुगते.

आता पिठाबद्दल. आपल्या गिरणीत बायका ‘ज्वारीवर ज्वारी टाका’ असं सांगतात, ते चवीपुरतं पुरेसं आहे. सीलिॲकला पुरत नाही. जात्यात अडकलेला गहू, हवेत उडणारं पीठ, एकच चाळणी, यांतून ज्वारीत गहू मिसळतोच. प्रमाण किती लागतं बघा : ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण दोन ग्रॅम ग्लुटेन असतं, आणि रोज ५० मिलिग्रॅम पोटात गेलं तरी काही महिन्यांत आतड्याला इजा होते. म्हणजे स्लाइसचा चाळिसावा भाग. गावाहून पीठ आणण्याऐवजी एकतर इथलं ‘ग्लुटेन-फ्री’ असा शिक्का असलेलं ज्वारीचं पीठ घ्या, नाहीतर अख्खी ज्वारी ताटात पसरून निवडा, गव्हाचे दाणे वेचून काढा आणि फक्त ग्लुटेन नसलेल्या धान्यांसाठी ठेवलेल्या घरघंटीवर दळा. आणि गावाहून काही आणणारच असाल, तर एक लक्षात असू द्या : ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावर खाण्याचा प्रत्येक पदार्थ जाहीर करावा लागतो. लपवलेली पिशवी सापडली तर मोठा दंड बसतो.

स्वयंपाकघरात वेगळं काय ठेवायचं, याची यादी प्रत्येकजण मागतो. लाकडी पोळपाट-लाटणं, चाळणी, टोस्टर आणि लोणी-जॅमची बरणी वेगळी हवीच. स्टीलची भांडी नीट घासली की पुरे. पुष्कळ घरांनी शेवटी घरातून कणीकच हद्दपार केली; ज्यांना जमेल त्यांनी तेच करावं, डोक्याचा ताप निम्मा होतो.

हिंग, खपली आणि प्रसाद

स्वयंपाकघरातल्या हिंगाची डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचा. बांधणी हिंगात खरा हिंग थोडा, बाकी डिंक आणि गव्हाचं किंवा तांदळाचं पीठ असतं. आणि तो हिंग रोजच्या फोडणीत, लोणच्यात, पापडात, घरून आलेल्या कांदा-लसूण मसाल्यातसुद्धा असतो. तांदळाच्या पिठाचा हिंग मिळतो, तोच आणा. गावाकडच्या मसाल्यासाठी आईला किंवा सासूबाईंना तसा हिंग इथून पाठवा. त्या आनंदाने तो वापरतात.

खपली गव्हाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात खपली पिकते, तिची खीर आपल्या पंगतीची शान आहे, आणि ‘खपली चालते, ती पचायला हलकी’ असं अनेकजण ठामपणे सांगतात. खपली हा गहूच आहे, तिच्यात ग्लुटेन आहे. सीलिॲक असलेल्याने ती चमचाभरही खाऊ नये. रवा, शेवया, लापशी, दलिया, मैदा हीसुद्धा गव्हाचीच रूपं. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो आणि दुधात घालायच्या चॉकलेटच्या बऱ्याच पावडरींत बार्लीचं मॉल्ट असतं.

सत्यनारायणाचा शिरा इथल्या प्रत्येक महाराष्ट्र मंडळात असतो. ‘प्रसादाला नाही म्हणू नये’ हा संस्कार इतका खोल आहे की सुशिक्षित माणसंही मुलाच्या हातावर कणभर शिरा ठेवतात. यजमानांना आधी फोन करून सांगा आणि केळं किंवा फुटाणे प्रसाद म्हणून द्यायला सुचवा. काही घरांनी इडली रव्याचा, म्हणजे तांदळाच्या रव्याचा, शिरा सुरू केला. तो सगळेच खातात. गणपतीत उकडीचे मोदक बिनधास्त खा, पण ते शेजारच्या तळणीच्या मोदकांपासून लांब ठेवायला सांगा.

लेबलं आणि इतर ॲलर्जी

प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे. इंग्लंड आणि युरोपात चौदा घटक ठळकपणे छापावे लागतात. त्यांत मोहरी, तीळ, सेलरी आहेत. कॅनडातही मोहरी यादीत आहे. अमेरिकेत मोहरी नाही आणि तीळ १ जानेवारी २०२३ पासून आले. तिथे कायद्याने ‘गहू’ लिहावा लागतो, बार्ली नाही, म्हणून ‘मॉल्ट’ हा शब्द स्वतः शोधावा लागतो. ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणजे किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा कमी, ही मर्यादा भारत, अमेरिका, युरोपात सारखीच आहे. ऑस्ट्रेलियाचा नियम त्याहून कडक आहे, तिथे ओट्सवर हा शिक्का लावताच येत नाही.

शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर आपल्या माणसांना ‘कूट घातलंय का?’ असंच विचारा. ‘शेंगदाणे आहेत का?’ म्हटलं की ‘नाही’ येतं, आणि भाजीत दोन चमचे कूट असतं. बेसनाची, म्हणजे हरभऱ्याची, ॲलर्जी कुठल्याच सरकारी यादीत ठळक नसते, ती तुम्हालाच विचारून काढावी लागते.

ज्याला श्वास अडकण्याइतकी ॲलर्जी आहे, त्याच्याजवळ ॲड्रेनलिनची दोन इंजेक्शनं कायम हवीत. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरून चालतं. आधी इंजेक्शन, मग रुग्णवाहिका. सेट्रिझिनची गोळी देऊन वाट बघू नका. शाळेला डॉक्टरांच्या सहीचा लेखी आराखडा द्या आणि शिक्षिकेला ते इंजेक्शन हातात धरून दाखवा.

सुट्टीत कोल्हापूरला

सर्वांत जास्त चुका इथेच होतात. मिसळ ब्रेडबरोबर येते, फरसाणात मैद्याचे तुकडे असतात, वडा बेसनाचा असला तरी तेल समोशाचंच असतं. पांढऱ्या रश्श्यात गहू बहुधा नसतो, पण तीळ, खसखस, काजू असतात. तीळ किंवा काजूची ॲलर्जी असलेल्याला तो चालणार नाही. भडंगात दाणे असतात. विमानात ग्लुटेन-फ्री जेवण किमान दोन दिवस आधी नोंदवा, तरी जवळ भाकरी, राजगिऱ्याची वडी, केळी असू द्या. ॲड्रेनलिनची तयार पेनं भारतात सहज मिळत नाहीत, परदेशातूनच पुरेशी न्या. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८.

घरच्यांना जाण्याआधी सांगा, पोचल्यावर नको. ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ असं आजोबा म्हणतील. त्यांना विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाची गोष्ट सांगा. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, युद्धामुळे हॉलंडमध्ये ब्रेड मिळेनासा झाला आणि सीलिॲक असलेली मुलं सुधारली; ब्रेड परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. १९५० साली त्यांनी आपल्या प्रबंधात गव्हाचा दोष दाखवून दिला. आजार जुनाच आहे. तो ओळखता येऊ लागला अलीकडे. ही गोष्ट ऐकल्यावर बऱ्याच आजोबांनी स्वतःच बाजारातून शाळू निवडून आणला.

सीलिॲक घराण्यात चालतो. आई-वडील आणि सख्ख्या भावंडांपैकी साधारण दहात एकाला तो निघतो, आणि लक्षणं नसतानाही असू शकतो. तुमच्या घरात एकाचं निदान झालं असेल आणि बाकीच्यांची रक्ततपासणी राहिली असेल, तर याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या. तोवर बाकीच्यांनी पोळी चालू ठेवावी.