मातीला गूळ कशासाठी?

घरी चहाला गूळ मोजून टाकतात. मग माझे बाबा दोन किलो गूळ वावरात का ओततात? आमच्या मायने हाच प्रश्न केला. गूळ विकतचा आहे, म्हणून त्याचे उत्तर समजले पाहिजे.

मातीत जिवाणू असतात. ते नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत. चमचाभर चांगल्या मातीत ते कोट्यवधी असतात. ते शेण, पाला, धसकटे कुजवतात. तेव्हा त्यातले अन्न पिकाच्या मुळांना मिळते. जिवाणूंना गोड लवकर पचते. गूळ मिळाला की ते भराभर वाढतात.

आपल्या विदर्भातले सुभाष पाळेकर यांनी जीवामृताचा प्रसार केला. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. एका एकरासाठी जीवामृत असे करतात :

पाणी २०० लिटर, देशी गाईचे शेण १० किलो, गोमूत्र ५ ते १० लिटर, गूळ २ किलो, बेसन २ किलो आणि बांधावरची मूठभर माती.

ड्रम सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळतात. आमच्या ड्रमात दुसऱ्या दिवशी बुडबुडे आले. बाबा म्हणाले, "पाय, जिवाणू कामाले लागले!" दोन दिवसांनी ते ओल असलेल्या वावरात टाकतात.

बेसन कशाला? नुसता गूळ दिला तर जिवाणूंना नत्र कमी पडते. मग ते मातीतले नत्र घेतात आणि पिकाला कमी उरते. डाळीच्या पिठात नत्र असते. म्हणून गूळ जास्त टाकला तर फायदा जास्त, असे नाही.

हा गूळ थोड्याच दिवसांत संपतो. पुढे झाडच जिवाणूंना खाऊ घालते. हिरवी पाने उन्हात साखर तयार करतात. त्यातली थोडी मुळांवाटे मातीत उतरते. सोयाबीनचे एक रोप हळूच उपटून पाहा. मुळांवर गाठी दिसतील. त्यातले जिवाणू हवेतले नत्र झाडाला देतात आणि झाड त्यांना साखर देते. गाठ आतून गुलाबी असली तर समजा, काम चालू आहे.

जिवाणूंचे बाकीचे जेवण म्हणजे पालापाचोळा. पालकहो, वावरातला पाला आणि सोयाबीनची धसकटे पेटवू नका. एकीकडे गूळ विकत आणायचा आणि दुसरीकडे फुकटचे जेवण जाळायचे, हे बरे नाही.

– एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी